रतनवाडी, कुमशेत, पाचनई : गड वगळून केलेल्या भटकंतीची नोंद

रतनगड ते हरिश्चंद्रगड हा जोडट्रेक आपल्या ट्रेकर्सपैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. मात्र त्यात रतनवाडी, कुमशेत, पेठेची वाडी आणि पाचनई ही गावे बाटल्या भरून घेण्यापुरतीच येतात. यंदाच्या हंगामात मी दोन्ही गड बाजूला ठेवले आणि याच वाड्यांमध्ये मुक्काम करत चाललो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे, आणि १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यामुळे जंगलही बरेचसे टिकून आहे.

रतनवाडीतील अमृतेश्वराचे दर्शन घेऊन निघाल्यावर कात्राबाईच्या खिंडीपर्यंतचा टप्पा सर्वांत कसोटीचा ठरतो. खिंड ओलांडली की प्रवरेचे खोरे मागे पडते आणि मुळेच्या खोऱ्यात उतार सुरू होतो. पण खिंडीच्या अलीकडे दाट झाडीत ढोरवाटांचे, म्हणजे गुरांच्या वाटांचे, असे जाळे आहे की मोबाइलवरचा जीपीएस ट्रॅक तिथे फारसा कामाचा राहत नाही. झाडी आणि कड्यांमुळे तो काही पावले इकडेतिकडे सरकतो, आणि तेवढ्याच पट्ट्यात दोन-तीन वाटा फुटलेल्या असतात. गुरे घेऊन आलेल्या एका मामांनी मला तिथेच थांबवले. ‘‘ती गुरांची वाट हाये, पाण्याला जाऊन मोडती. तुम्ही वरल्या अंगानं धरा,’’ असे म्हणून त्यांनी काठीने डोंगराची सोंड दाखवली. तेव्हापासून मी पाणवठा कोणत्या बाजूला आहे हे आधी विचारतो. पाण्याकडे उतरणारी आणि मध्येच विरणारी वाट बहुधा गुरांची असते, तर खिंड किंवा देवाचे ठाणे धरून जाणारी वाट माणसांची असते. शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड दिसला की आपण जुन्या वहिवाटेवर आहोत, असे मानायला हरकत नाही. निदान या टप्प्यात तरी हा आडाखा खरा ठरला.

कुमशेतला ज्या घरी उतरलो, त्याच्या पडवीच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या. कारवीच्या सरळ काठ्या उभ्या लावून, आडव्या कामट्यांनी बांधून, दोन्ही अंगांनी शेणामातीने लिंपलेल्या. चुलीच्या बाजूचा लेप धुराने काळा आणि टणक झालेला, तर पावसाच्या बाजूचा दरवर्षी नव्याने द्यावा लागतो, असे मावशींनी सांगितले. आत भाताच्या कणग्या आणि त्यांना लागूनच गुरांची जागा होती. रात्री नागलीची भाकरी, हुलग्यांचे कालवण आणि मिरचीचा ठेचा असे जेवण झाले. भात काळभात या देशी वाणाचा होता. संकरित बियाण्यांपुढे हे वाण मागे पडले होते. ते जपण्याच्या कामात याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यासाठी त्यांना पद्मश्रीही मिळाली.

मुक्कामाच्या तारखा शेतीच्या वेळापत्रकावर ठरवाव्यात, हे माझे मत आता पक्के झाले आहे. उन्हाळ्यात राब भाजणे (भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून तयार करणे) आणि बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करणे चालू असते, तर जुलैत आवणीसाठी (भातलावणीसाठी) घरातील प्रत्येक हात खाचरात लागतो. अशा वेळी बारा-पंधरा जणांचा गट दारात उभा राहिला तर भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा कामाचा दिवस बुडतो, हे कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही. एप्रिल-मेमध्ये पाण्याचाही प्रश्न असतो. पावसाळ्यात इथे धुवांधार पाऊस कोसळतो, पण मातीचा थर पातळ आणि खाली बेसॉल्टचा कातळ असल्याने बहुतेक पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात बायकांना खालच्या विहिरीवरून हंडे आणावे लागतात. त्या पाण्याने आंघोळ करणाऱ्या भटक्यांविषयी इथे अधिक लिहीत नाही.

मे अखेरीस भंडारदरा परिसरात काजव्यांसाठी होणारी गर्दी हा वेगळाच प्रकार आहे. काजव्यांचे लुकलुकणे हे जोडीदारासाठीचे संकेत असतात आणि गाड्यांच्या झोतात ते हरवतात. तरीही हिरडा-सादड्याच्या झाडांखाली टॉर्च रोखून उभे राहणारे कमी होत नाहीत. गावांना त्या दिवसांत चार पैसे मिळतात हे खरे, परंतु तंबूंचा धंदा बाहेरच्याने चालवला तर त्यातील फारच थोडे वाडीत उरतात. म्हणून राहणे, जेवण आणि वाटाड्या या तिन्हींचे पैसे मी थेट त्या-त्या घरात देतो, आकडा आदल्या दिवशीच ठरवतो आणि त्यात घासाघीस करत नाही. फोटोही विचारूनच काढतो. मुलांच्या हातात चॉकलेटे ठेवून काढलेले फोटो मला अजिबात पटत नाहीत.

कुमशेतहून पेठेच्या वाडीमार्गे पाचनईपर्यंतची वाट मळलेली आहे आणि तिच्याबद्दल नव्याने सांगण्यासारखे फारसे नाही. पाचनईत ट्रेकर्सची वर्दळ कायम असल्याने राहण्या-जेवण्याची सोय सहज होते.

पुढचा बेत कोकणाच्या बाजूचा आहे. भाताची कापणी उरकल्यावर कुमशेतच्या वाटाड्यासोबत गुयरीचे दार या घाटवाटेने खाली डेहणे गावाकडे उतरायचे आणि करोली घाटाने साम्रदला वर यायचे, असे ठरवले आहे. घाटाखाली सोयरीक असलेली माणसे या वाटा पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली आहेत. गुयरीच्या दारात दोर लागेल का, याबाबत आमच्यात मतभेद आहेत. वाटाड्याच्या मते पाऊस पूर्ण थांबून कातळ सुकला असेल तर लागत नाही, मी मात्र वीस मीटरचा दोर सॅकमध्ये ठेवणार आहे.