एफसीच्या पोटात काय काय आहे

शनिवार, रात्री

एफसी (फॉरवर्ड कंट्रोल, जुनी पिकअप) शेडमध्ये आल्यापासून येणारा-जाणारा विचारतो, किती सालची? साल आरसी बुकात आहे. मला हवंय ते, म्हणजे आत आता नेमकं कुठलं इंजिन आणि कुठले गिअर आहेत, ते त्या बुकात नाही.

ही महिंद्राची पिकअप मुळात जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीची. अमेरिकेत १९५६ च्या शेवटी आली, १९६५ पर्यंत तिथं बनली, आणि आपल्याकडे महिंद्रानं बनवली. चपटं नाक, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकावर बसलेला आणि इंजिन दोन सीटच्या मधल्या झाकणाखाली. मूळचं इंजिन पेट्रोलचं, हरिकेन, २१९९ सीसी. त्याचा इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (खालच्या मुख्य भागात), अशी अजब मांडणी मला फार आवडते. आरसीवर इंधन म्हणून पेट्रोलच लिहिलंय. झाकण काढलं तर खाली डिझेल इंजिन.

आश्चर्य काहीच नाही. पेट्रोल परवडेना तेव्हा आपल्या भागात कितीतरी जीपांमध्ये डिझेल इंजिनं बसली. कुणी सिम्पसनचं पर्किन्स बसवलं, कुणी टेम्पोचं, कुणी नंतरच्या महिंद्रातलं काढून. म्हणून 'डिझेल आहे' एवढ्यानं काही कळत नाही. गॅस्केट कुठलं मागायचं, लायनर (सिलिंडरच्या आतलं अस्तर) कुठले, इंजिनाला किती आरपीएम (मिनिटाला फेरे) सोसतात, सगळं नेमक्या इंजिनावर ठरतं. गाडी ज्यांच्याकडून घेतली त्या गगनबावड्याकडच्या शेतकऱ्यांनी 'प्यूजो आहे', म्हणजे त्या फ्रेंच कंपनीचं इंजिन आहे, म्हणून सांगितलं होतं. त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलेलं.

ब्लॉकवर नंबर पंच केलाय, पण तो आरसीतल्या नंबराशी जुळत नाही, आणि निम्मे आकडे गंजानं खाल्लेत. इंजिनाच्या डिझेल पंपावरची पट्टी वाचता येते. पण पंप ही बदलली जाणारी वस्तू, तिच्या पट्टीवरून इंजिन ठरवणं मला पटत नाही.

रविवार

उद्यमनगरातले मिस्त्री दुपारी येऊन गेले. आल्या आल्या बॅटरी लावली, झाकण उचललं आणि हेडच्या कडेनं नुसतं बोट फिरवत गेले.

"प्यूजो म्हणून कुनीबी सांगंल ताई. हीटर कुठं हाय दावा बघू."

हीटर प्लग नव्हतेच. बुजवलेली भोकंसुद्धा नव्हती. महिंद्रानं जीपांमध्ये घातलेल्या प्यूजोच्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं. थंडीत तो कप्पा तापवावा लागतो, म्हणून प्रत्येक सिलिंडरला हीटर असतो. ज्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत पडतं, त्याला हीटरवाचून चालतं. एका नजरेत प्यूजो बाद झालं. मी मात्र मोजल्याशिवाय मानणार नव्हते, आणि मिस्त्रींनाही ते आवडलं असावं. हेड गॅस्केट गळत होतंच, म्हणून हेड उतरवायचं ठरलं.

बुधवार

हेड उतरलं. पिस्टनवर वाट्या दिसल्या, मिस्त्रींचं खरं ठरलं.

मग मोजमाप. बोअरवर (सिलिंडरच्या व्यासावर) मी फारशी विसंबत नाही. प्यूजो ४.९० चा बोअर ९० मिलिमीटर, महिंद्राच्या एमडीआय २५०० या डिझेल इंजिनाचा ८८.९. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. लायनर झिजला, बदलला, पुन्हा बोअर केला की त्या फरकाला काही अर्थ उरत नाही. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर, मात्र क्रँकमध्ये कोरलेला असतो. क्रँक ग्राइंड केला की जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग) बारीक होतात, स्ट्रोक होता तिथंच राहतो. प्यूजोचा स्ट्रोक ८३, एमडीआयचा १०१.६. इथं गल्लत व्हायला जागाच नाही.

पहिला पिस्टन वर आणून ब्लॉकच्या तोंडापासून व्हर्नियरनं खोली घेतली, मग खाली नेऊन पुन्हा घेतली. दोन्हींतला फरक १०१.६. बोअर ८९ च्या आसपास. हिशेब केला तर २५२३ सीसी. एमडीआय २५००.

१०१.६ मिलिमीटर म्हणजे बरोबर चार इंच, आणि ८८.९ म्हणजे साडेतीन इंच. ही इंचातली मापं कुठून आली ते मला माहीत होतं, तरी प्रत्यक्ष व्हर्नियरवर बघताना अंगावर काटा आला. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिचा पहिला ट्रॅक्टर बी-२७५. त्याचाही स्ट्रोक चार इंच. ती कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली आणि त्याच घराण्यातली इंजिनं जीपांमध्ये आली. ज्या आवाजावर आमच्याकडची रानं नांगरली गेली, त्याच घराण्याचं इंजिन या पिकअपमध्ये आहे. प्यूजो निघालं असतं तरी मी तितक्याच मायेनं बांधलं असतं, पण हे निघालं याचा आनंद जास्त आहे.

शुक्रवार

गिअरबॉक्स. इंजिन आणि बेल हाऊसिंगच्या (गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाच्या) मध्ये जाड लोखंडी प्लेट आहे, कडेला ग्राइंडरचे ओरखडे. कारखान्यातली नाही, कुणीतरी हातानं बनवलेली. म्हणजे डिझेल बसवताना गिअरबॉक्स जुनाच ठेवला असणार. हेड उतरलेलं असल्यानं कॉम्प्रेशन नव्हतं, पुली हातानं फिरत होती. पहिला गिअर टाकून पुलीवर आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टवर (चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या नळीवर) खडूच्या खुणा केल्या. पुलीचे १४ फेरे, शाफ्टचे ५. म्हणजे २.८. विलिसच्या तीन गिअरच्या टी-९० चा पहिला गिअर २.८ चाच. त्या पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद पाडणारी जुळणी) नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो पडत नाही. घाटात ही गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागेल. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) डाना १८, लोमध्ये २.४६. याच्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

शनिवार

आजचा दिवस हाऊसिंगचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेट्यांचा. पुढचा प्रोपेलर शाफ्ट गाडीला नाहीच. विकणाऱ्यांनी तो वेगळा बांधून दिला होता, सांध्यांचे क्रॉस चांगले, शाफ्ट सरळ. चांगला शाफ्ट कुणी का काढून ठेवेल, हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

मागची दोन्ही चाकं उचलली. एक चाक मिस्त्रींच्या पोरानं धरलं, दुसरं मी पूर्ण दोन फेरे फिरवलं. एक चाक धरलं की दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा, हाऊसिंगमधल्या मोठ्या गिअरचा, एक फेरा. शाफ्ट पाच फेऱ्यांना थोडा कमी पडला. पुढं तेच केलं, तिथं पाच पूर्ण होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेला. लगेच दोन्ही हाऊसिंगची झाकणं उघडली. मागच्या क्राऊनवर ३९-८ (क्राऊनचे दात ३९, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे ८), पुढच्यावर ४३-८. म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला शाफ्टचे मागं ४.८८ फेरे, पुढं ५.३८.

सगळा उलगडा तिथंच झाला. डिझेल कमी आरपीएमवर चालतं. मूळच्या ५.३८ वर ते रस्त्यावर नुसतं ओरडत राहिलं असतं. आमच्या चाकाचा जमिनीवरचा एक फेरा २.२ मीटर भरतो. तीन हजार आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ५.३८ वर ताशी ७४ किलोमीटर होतात, ४.८८ वर ८१. म्हणून त्या कुणा मिस्त्रीनं मागचा क्राऊन-पिनियन बदलला. पुढचा बदलायला पैसे उरले नसतील, किंवा जोड मिळाला नसेल. आता फोर व्हील टाकला तर पुढची आठ फेरे घेतील तेवढ्यात मागच्या चाकांना पावणेनऊच्या वर फेरे हवेत. चिखलात चाक घसरून ते निभावतं, डांबरावर सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो. कुणी चुकून फोर व्हीलचा दांडा ओढला तरी नुकसान होऊ नये म्हणून त्यानं शाफ्टच उतरवून ठेवला. फेकला नाही, बांधून ठेवला. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण त्याचं काम वाचता आलं. ते विचारपूर्वक केलेलं काम आहे.

मिस्त्री म्हणाले, "मागचं परत ५.३८ करा, मूळचं ते मूळचं." मी नाही म्हटलं. हे इंजिन काढायचं नसेल तर त्याला मानवणारं हाऊसिंगही ठेवायचं. पुढंच ४.८८ करायचं.

रविवार, सकाळी

पुढच्या हाऊसिंगसाठी ८-३९ चा जोड बघायला दोघातिघांना सांगितलंय. क्राऊन आणि पिनियन एकाच जोडीतले हवेत, सुटे नकोत, हे प्रत्येकाला दोनदा बजावलं. लायनरची मापं लिहून ठेवली. आरटीओचं कामही याच आठवड्यात काढते. इंजिन आणि इंधन दोन्ही बदललेलं, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंद लागणार. त्यासाठी आधी ब्लॉकवरचा नंबर पितळी ब्रशनं साफ करून वाचायचाय.