सम हुकलेली कॅसेट

जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवून देणं हा माझा धंदा. आषाढातली दुपार होती. नारायण पेठेतल्या आमच्या जिन्यात कुणी छत्री झटकली की वर गिऱ्हाईक येतंय हे मला बसल्या जागी कळतं. वर आले ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, खांद्याला कापडी पिशवी, मागे लॅपटॉप छातीशी धरलेला इंजिनिअरिंगचा नातू. पिशवीत नऊ व्हीएचएस कॅसेट. पावसाची भीती म्हणून प्रत्येक कॅसेट धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत घालून वर रबर लावलेलं. अशा माणसाच्या कॅसेट बहुधा चांगल्या असतात, हा माझा अनुभव. त्या दिवशी तो अर्धाच खरा ठरला.

नातवाने बसायच्या आधीच विचारलं, "काका, कॅप्चर कार्ड कुठलं घेऊ?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. कॅप्चर कार्ड म्हणजे कॅसेटवरचं चित्र आणि आवाज संगणकात घेणारं यंत्र. पण आजोबांनी त्याला हातानेच थांबवलं आणि म्हणाले, "ते नंतर. आधी हे बघा. यात माझी सम चुकतेय. आणि मी चुकलो नव्हतो."

आजोबा तबल्याचे गुरुजी. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, पहिला ठोका, सगळ्यांनी एकत्र यायची जागा. १९९० च्या गुरुपौर्णिमेला एका वाड्याच्या दिवाणखान्यात त्यांचं एकल वादन झालं होतं, साथीला पेटी. कुणा शिष्याच्या ओळखीतल्या फोटोग्राफरने ते खांद्यावरच्या कॅमेऱ्याने शूट केलं. नातवाने ऑनलाइन मागवलेल्या बोटाएवढ्या यूएसबी डोंगलने आणि जुन्या बाजारात मिळालेल्या व्हीसीआरने ते लॅपटॉपवर घेतलं होतं. पोराने मेहनत केली होती, नाही असं नाही. फाइल लावली. सुरुवातीला सगळं बरोबर. विसाव्या मिनिटाला मात्र गुरुजींची थाप डग्ग्यावर पडते, हात वर उठतो, आणि मग आवाज येतो. नदीवर लांबून दिसणाऱ्या धोब्यासारखं, आधी आपटणं दिसतं, मग आवाज.

"मी आवाज मागे-पुढे करून पाहिला," नातू म्हणाला. "एका जागी जुळतो, दुसऱ्या जागी बिघडतो."

मी गुरुजींना विचारलं, "हे हळूहळू सरकत जातं, की एकदम?"

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो आणि बहुतेक जण खांदे उडवतात. गुरुजींनी डोळे मिटले. "सतराव्या मिनिटापर्यंत चोख. तिथे पेशकार चालू आहे, तिथे एकदम अर्धी मात्रा. मग बराच वेळ तेवढीच. अठ्ठाविसाव्या मिनिटाच्या आसपास आणखी थोडी. हळूहळू नाही."

अर्धं काम इथेच झालं. हळूहळू सरकत असतं तर संशय आवाजाच्या घड्याळावर घ्यायचा, म्हणजे आवाज आणि चित्र दोन वेगळ्या घड्याळांवर धावतायत असं समजायचं. एकदम उडी मारत असेल तर मधल्या फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, पडली. चित्रातल्या फ्रेम गळतात, आवाज मात्र पूर्ण राहतो, त्यामुळे चित्र लवकर संपतं आणि आवाजाच्या पुढे पळतं.

नातवाचंच डोंगल, त्याचाच लॅपटॉप ठेवला. फक्त डोंगलबरोबर आलेलं सॉफ्टवेअर बंद करून व्हर्च्युअलडब हे कॅप्चरचं दुसरं सॉफ्टवेअर लावलं, कारण त्यात पडलेल्या फ्रेमचा आकडा चालू कॅप्चरमध्येच समोर दिसतो. सतरावं मिनिट आलं. चित्र वरच्या कडेला वाकलं, मागच्या दाराची चौकट वारा सुटल्यावर झेंडा हलतो तशी उजवीकडे फडफडली, एक पांढरी रेघ गेली आणि आकडा ० वरून १४ झाला. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम. १४ फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त. पेशकार म्हणजे एकल तबल्याची विलंबित, संथ सुरुवात, त्यात मात्रा साधारण सेकंदाची. गुरुजींचं माप बरोबर होतं. पुढे अठ्ठाविसाव्या मिनिटाला आणखी ९ पडल्या.

"सतराव्या मिनिटाला काय झालं होतं?" मी विचारलं.

"तिथे शेजाऱ्यांच्या व्हीसीआरमध्ये कॅसेट अडकली होती. आमच्या बायकोने पेन्सिलने गुंडाळली परत."

फ्लॅप उघडून ती जागा शोधली. अर्ध्या इंचाच्या टेपवर आडवी घडी, इस्त्री फिरवली तरी न जाणारी.

आता नातवाच्या प्रश्नाकडे आलो, कारण तोपर्यंत त्यालाही ऐकायची इच्छा झाली होती. व्हीएचएस व्हीसीआरमध्ये टेप वाचणारी हेड बसवलेला गोल ड्रम असतो, ६२ मिलिमीटर व्यासाचा. पालमध्ये तो मिनिटाला १५०० फेरे घेतो, एका फेऱ्यात एक फ्रेम. टेप त्याच्याभोवती सेकंदाला अडीच सेंटिमीटरही सरकत नाही. तीस-पस्तीस वर्षांची टेप कुठे ताणलेली, कुठे आखडलेली, कुठे घडी पडलेली. त्यामुळे चित्राची प्रत्येक रेघ ठरल्या वेळी सुरू होत नाही, जरा आधी किंवा जरा नंतर होते. घरातला जुना, काचेच्या पोटाचा टीव्ही ते चालवून घ्यायचा, सिग्नल जसा हलेल तसा तोही हलायचा. संगणकाचं कार्ड तसं नाही. त्याला रेघ वेळेवर लागते, नाही आली की ते फ्रेमच सोडून देतं.

गुरुजींना हे मी त्यांच्या भाषेत सांगितलं. कॅसेट म्हणजे लय हलणारा वादक, कार्ड म्हणजे मेट्रोनोम.

"मग मध्ये कोणीतरी सांभाळून घेणारा पाहिजे," ते म्हणाले.

पाहिजेच. त्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात. काही भारी एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएसच्याच वरच्या दर्जाच्या, व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. वेगळा, व्यावसायिक घ्यायला गेलं तर घरगुती माणसाचे डोळे पांढरे होतात. माझ्याकडे गरिबाचा उपाय आहे: पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० हा डीव्हीडी रेकॉर्डर. त्यावर मी डीव्हीडी कधीच बनवत नाही. व्हीसीआरचा सिग्नल त्यात घालायचा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा, एवढंच. आतून जाताना तो प्रत्येक रेघ सरळ करून देतो. भंगारवाल्याला हे माहीत नसतं, तोवर आपलं बरं.

म्हणून मी पोराला सांगितलं, पैसे टाकायचेच तर आधी व्हीसीआरवर, मग या मधल्या डब्यावर, उरले तर कार्डावर. लोक नेमकं उलटं करतात. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, नवा व्हीसीआर बनवणारी ती शेवटची. त्यामुळे आता जो मिळेल तो कुणाच्या तरी माळ्यावरचाच. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मी अजूनही जातो, खिशात टॉर्च आणि घालवली तरी चालेल अशी एक कॅसेट घेऊन. आत रबराचा रोलर दिसतो तो बघायचा. काचेसारखा चकाकत असेल तर टेप त्यावर घसरणार. मागे गोल, चार टाचण्यांचा एस-व्हिडिओ सॉकेट असेल तर जास्त पैसे द्यायलाही हरकत नाही. टेपवर प्रकाश आणि रंग वेगवेगळे असतात. पिवळ्या वायरीतून ते एकत्र कालवून येतात आणि कार्डाला पुन्हा निवडत बसावं लागतं, खिचडीतून डाळ निवडल्यासारखं.

बोलता बोलता मी जोडणी केली. एस-व्हिडिओवाला व्हीसीआर, मध्ये डीव्हीडी रेकॉर्डर, मग माझा जुना विंडोज एक्सपीवरचा पीसी. त्यात एटीआयचं ऑल-इन-वंडर कार्ड आहे. त्या पीसीला मी इंटरनेट दाखवत नाही, त्याला जगात काय चाललंय ते कळायची गरज नाही. ७२० बाय ५७६ ठिपके, इंटरलेस्ड, म्हणजे एका फ्रेममध्ये एकाआड एक रेघांच्या दोन फील्ड, आणि हफीयूव्ही या पद्धतीने, म्हणजे काहीही न गाळता. तासाला तीसेक जीबी सहज खातं. डीव्ही या दाबून साठवायच्या पद्धतीत घेतलं तर १३ जीबीत भागतं, पण पेशकारातल्या बोटांसाठी मी कंजुषी करत नाही. नातवाच्या फाइलमध्ये दोन-दोन फील्ड एकाच फ्रेममध्ये गुंफलेल्या होत्या, त्यामुळे "तिरकिट" वाजताना बोटांना फणीचे दात आले होते. सेकंदाला ५० फील्ड असतात, त्या सगळ्या ठेवून ५० फ्रेमची फाइल केली तर प्रत्येक बोट सुटं दिसतं.

सतरावं मिनिट आलं. पांढरी रेघ गेली, टेपवरची घडी कुठे जाणार? पण चौकट उभीच राहिली आणि आकडा ० वर राहिला. अठ्ठाविसाव्यालाही ०.

इथे मी माती खाल्ली. काम जमल्याच्या आनंदात, पहिली कॅसेट अर्ध्यावर आहे तोवर दुसऱ्या व्हीसीआरवर पुढची बघून घेऊ म्हणून एक उचलली आणि टॉर्च न मारताच घातली. रोज सगळ्यांना सांगतो, आधी खिडकीतून टेपची कड बघा. मिनिटभरात चित्रावर बर्फ पडायला लागला, मग चित्रच गेलं, आणि ओल्या गोणपाटाचा वास आला. बुरशी. बाहेर काढून पाहिली तर टेपच्या कडेला पिठीसाखरेसारखी पांढरी भुकटी. व्हीसीआर उघडला, मऊ कातड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ड्रमला टेकवलं आणि ड्रम हाताने आडवा फिरवला. उभं घासलं की हेड तुटतं, आणि कानातल्या कापसाच्या काड्या तर वापरायच्याच नाहीत, तंतू अडकतात. दोनदा पुसल्यावर चित्र परत आलं. माझ्या कपाळावरचा घाम गुरुजींनी पाहिला, बोलले काही नाहीत. उरलेल्या कॅसेट टॉर्चने तपासल्या, आणखी दोन तशाच निघाल्या. तिन्ही सिलिका जेलच्या डब्यात गेल्या.

तोवर गुरुजी पहिल्या कॅसेटसमोर खुर्ची ओढून बसले होते. हेडफोन लावला होता, मांडीवर बोटं चालू होती. मधेच हेडफोन काढून म्हणाले, "बघा, एक जागा राहिलीच. एकेचाळिसावं मिनिट. इथे अजून सम चुकतेय."

मी आकडा पाहिला. ०. पुन्हा लावलं. हात आणि आवाज एकदम पडत होते, काहीच सरकलं नव्हतं. पण तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवून समेवर यायच्या तुकड्याचा, शेवटचा "धा" सम यायला हवी त्याच्या जरा नंतर पडत होता.

आता हे कसं सांगायचं? त्या कॅमेऱ्याचा आवाज मोनो, टेपच्या कडेच्या एकाच पट्टीवर. तबला आणि पेटी दोन्ही एकाच माइकमधून आत गेलेले. यंत्र चित्राला आवाजापासून तोडू शकतं. एका पट्टीवरच्या पेटीला तबल्यापासून तोडणं माझ्याकडच्या कुठल्याही यंत्राला जमणार नाही. मी शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणालो, "गुरुजी, पेटी आणि तबला एकाच पट्टीवर आहेत. माझ्या यंत्राला ते वेगळे करता येत नाहीत."

नातू लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसला.

गुरुजींनी पुन्हा मागे घ्यायला लावलं. बोटांवर मात्रा मोजल्या. तिसऱ्यांदा म्हणाले, "थांबवा." मी थांबवलं. चित्र आता इतकं सुटं होतं की पेटीवाल्याचा चेहरा दिसत होता. डोंगलच्या फाइलमध्ये तिथे नुसता डाग होता. एकेक फ्रेम पुढे नेली. तिहाई लांबते, पेटीवाला मान वर करतो, एक क्षण गुरुजींकडे बघतो, ओठांच्या कडेने हसतो, आणि लेहऱ्याचा, म्हणजे पेटीवर फिरून फिरून वाजणाऱ्या धुनेचा, शेवटचा स्वर जरासा लांबवून त्यांना समेवर घेतो. समोर बसलेल्यांतलं कुणीही हललेलं नाही.

"धाकटा भाऊ माझा," गुरुजी म्हणाले. "सांभाळून घेतलंन बघा. आणि इतकी वर्षं एका शब्दाने बोलला नाही, गाढव!"

मग नातवाकडे वळले. "फोन लाव त्याला."