रिमोट स्टार्टवाली गाडी आणि दुसऱ्या चावीचा शोध

सेकंडहँड गाडीच्या जाहिरातीत "रिमोट स्टार्ट" असं ठळक लिहिलेलं दिसलं ना, की त्या दोन शब्दांचे पैसे किंमतीत आधीच घुसवलेले असतात हे पक्कं समजायचं. डीलर ते दाखवतो पण असं भारी, काचेच्या केबिनमधून बटण दाबतो, लांब उभी असलेली गाडी दोनदा लाइट मारते आणि सुरू होते, आणि बघणारा मनातल्या मनात गाडी घेऊन पण टाकतो. मला सांगायचंय ते उलटं आहे. सेकंडहँड गाडीत भाव खाली आणायला सगळ्यात सोपी जागा कुठली असेल तर हेच फीचर, फक्त त्याच्या आत डोकावायची तयारी पाहिजे.

मी गेले होते मावसभावाला घेऊन. तो गाड्यांचं वायरिंगचं काम करतो, पण हे मी डीलरला सांगितलं नव्हतं. आता गंमत अशी की गाडी मला घ्यायची होती, पैसे माझे, चालवणार मी, आणि हा माणूस पूर्ण वेळ भावाकडे बघून बोलत होता, "साहेब इंजिन बघा, साहेब सीट बघा". मला "मॅडम, कलर आवडला का?" एवढंच. म्हटलं असू दे, बोलू दे त्याला, तेवढाच मला गाडी बघायला निवांत वेळ.

तर त्याने बटण दाबलं, गाडी सुरू झाली, आवाज एकदम गुळगुळीत. मी जाऊन बॉनेटवर हात ठेवला तर बॉनेट आधीच कोमट. म्हणजे आम्ही यायच्या आधी दुसऱ्या कोणाला दाखवायला, किंवा मुद्दाम, गाडी चालवून ठेवली होती. रिमोट स्टार्टवाल्या गाडीत ही खरी गोम आहे, कारण जुन्या इंजिनाची लक्षणं थंड असताना दिसतात आणि रिमोटने ते इंजिन तुमच्या येण्याआधी कोणालाही बसल्या जागेवरून गरम करून ठेवता येतं. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीत, उतरलेलं असतं, सकाळी सुरू केल्यावर ते परत वर चढेपर्यंत क्षणभर टकटक होते, ती चालते. पण खडखड लांबली तर टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली ती साखळी ताणून धरणारा भाग, बघायला लागतो. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरी वाफ थंडीत थोडा वेळ येते आणि विरते ती पाण्याची, घाबरायचं नाही, पण गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय आणि मग त्या गाडीला लांबूनच नमस्कार. यातलं बरंचसं गरम इंजिनमध्ये दिसतच नाही.

मी डीलरला म्हटलं, "भाऊ, गाडी छान आहे, पण मी परत येते, तोवर हिला हात लावू नका." तो हसला, "हो हो मॅडम, तुमचीच आहे समजा." मी कधी येणार ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शटर उघडताना आम्ही हजर. बॉनेट गार. चावीने सुरू केली, किंचित टकटक, लगेच शांत, धूर नाही. इंजिन चांगलं निघालं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच मी ठरवलं होतं की हीच घ्यायची, पण ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही ही घासाघिशीतली अर्धी लढाई असते. भावाला घरूनच सांगून ठेवलं होतं की गाडीचं कौतुक करायचं नाही, एक शब्द नाही.

मग रिमोट. आता रिमोट स्टार्ट तीन प्रकारचं असतं आणि तिन्हीची किंमत एकसारखी धरणं म्हणजे वेडेपणा आहे. एक कंपनीनेच दिलेलं, मूळ चावीवरच बटण असतं. जनरल मोटर्सने 2004च्या शेव्हरोले मालिबूत असं दिलं होतं, म्हणजे हे काही कालपरवाचं नाही. दुसरं बाहेरून बसवलेलं किट, त्याचा रिमोट वेगळा, चावीच्या जुडग्यात लोंबकळणारा. तिसरं मोबाइल ॲपवालं, आणि यात सेकंडहँड घेणाऱ्याला सगळ्यात जास्त फसायला होतं, कारण गाडी तुमची झाली तरी ॲपचं अकाउंट जुन्या मालकाचं असतं. ते काढलं नाही तर बऱ्याच गाड्यांत तो माणूस घरी बसून तुमची गाडी अनलॉक करू शकतो, कुठे उभी आहे ते बघू शकतो. वर त्याला सबस्क्रिप्शन. 2021च्या डिसेंबरात टोयोटाची बातमी गाजली होती, अमेरिकेत त्यांच्या काही गाड्यांमध्ये चावीवरच्या बटणाने गाडी सुरू करायलासुद्धा सबस्क्रिप्शन चालू असावं लागायचं, लोक जाम चिडले होते. आणि 2022च्या फेब्रुवारीत तिथल्याच एटी अँड टी या मोबाइल कंपनीने थ्रीजी बंद केलं तेव्हा ज्या जुन्या गाड्यांचं मॉडेम थ्रीजीचं होतं त्यांची अशी कितीतरी फीचर्स एका फटक्यात गेली. गाडी ठणठणीत, फीचर मेलेलं. त्यामुळे ॲपवालं असेल तर डीलरच्या मोबाइलवर बघायचं नाही, आपल्या मोबाइलवर, आपल्या अकाउंटवर चालू करून दाखव म्हणायचं, मग पुढचं.

आमच्या गाडीत दुसरा प्रकार होता. साधी चिपवाली चावी आणि वेगळा रिमोट. जाहिरातीत अर्थातच "किट" हा शब्द नव्हता.

भावाने बॉनेट उघडलं, मला म्हणाला बाजूला हो आणि आता रिमोट दाब. मी दाबला. गाडी सुरू झाली! बॉनेट उघडं असताना सुरू व्हायलाच नको, तिथे एक छोटा पिन स्विच असतो, बॉनेट वर असलं की किटने गप्प बसायचं, कारण कोणाचा तरी हात पट्ट्यावर किंवा फॅनवर असेल आणि घरातलं पोर रिमोटशी खेळत असेल तर काय होईल विचार करा. तो स्विच बसवलाच नव्हता, वायर तशीच टेपने गुंडाळून सोडलेली. दुसरी टेस्ट ब्रेकची, गाडी रिमोटवर चालू असताना चावी न लावता ब्रेक दाबला की इंजिन बंद पडलं पाहिजे, नाहीतर चोर बसून चालू लागेल. ते झालं बरोबर. (आणि गाडी मॅन्युअल गिअरची असेल तर तिप्पट सावध. तिथे चांगल्या किटमध्ये आधी न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू ठेवून उतरायचं, दारं लावायची, मग ते स्वतः इंजिन बंद करून तयार राहतं, एवढं सगळं करावं लागतं. हे नसेल आणि गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर बटण दाबल्यावर ती उडी मारून समोरच्या भिंतीत जाईल.)

मग मी विचारलं, "दुसरी चावी कुठे आहे?"

"मॅडम, पहिल्या मालकाकडून हरवली. आजकाल सगळ्यांच्या हरवतात."

भाव कमी करायला एवढंही पुरलं असतं, कारण चिपवाली चावी नवीन करून प्रोग्रॅम करायची म्हणजे चांगलाच खर्च आहे, आणि एकच चावी उरली असेल तर अजून कटकट. काही फोर्ड गाड्यांमध्ये तर चालू असलेल्या दोन चाव्या हातात असल्या की तिसरी आपली आपण प्रोग्रॅम करता येते, एकच असेल तर स्कॅनरवाल्याकडे जावंच लागतं. पण भाऊ तोवर स्टीअरिंगखाली उताणा पडला होता, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून. खालचं प्लास्टिकचं पॅनल काढल्यावर वायरींचा गुंता, त्यात काळी टेप गुंडाळलेली छोटी प्लास्टिकची डबी, आणि डबीतून निघालेली बारीक वायर इग्निशनच्या भोकाभोवती वेटोळं घालून. त्याने डबी उघडली आणि आत चावी. हीच ती हरवलेली दुसरी चावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चिपवाल्या चावीशिवाय गाडीचा इमोबिलायझर इंजिन सुरू होऊ देत नाही. मग रिमोटने सुरू करताना चावी कुठून आणायची? तर जुन्या पद्धतीच्या किटमध्ये गाडीची एक खरी चावी डबीत घालून डॅशबोर्डखाली पुरून ठेवायचे, रिमोट दाबला की डबी जागी होते, चिपचा सिग्नल त्या वेटोळ्यापर्यंत नेते, गाडीला वाटतं चावी लागली. नवीन मॉड्यूलला अशी चावी लागत नाही, ते चिपची नक्कल स्वतःच करतं.

डीलर तर खूष! "अरे वा, सापडली की! घ्या मॅडम, दोन चाव्या झाल्या."

मी म्हटलं, "झाल्या ना. मग ही काढून घेते खिशात. आता रिमोट दाबून दाखवा."

दाबला. स्टार्टर फिरला, गाडी काही घेईना. त्याला कळायला जरा वेळ लागला, भाऊ तिकडे तोंड फिरवून हसत होता. म्हणजे ह्या गाडीत एकतर दोन चाव्या आहेत किंवा रिमोट स्टार्ट आहे, दोन्ही एकदम नाहीत, आणि किंमत मात्र दोन्हीची लावलेली. शिवाय गाडीची खरी चावी गाडीतच पडलेली, काच फोडून आत हात घालणाऱ्याची सोयच की.

पण डीलर पण काही कच्चा नव्हता. म्हणाला, "मग असं करू मॅडम, किट काढूनच टाकतो. चावी तुमची, विषय संपला."

इथे बरेच जण गप्प बसतात कारण ऐकायला बरोबर वाटतं. मी म्हटलं, "काढा. पण जाहिरातीत ठळक लिहिलेलं फीचर गेलं, त्याचे पैसे पण काढा. आणि जिथे जिथे वायरी सोलून जोड मारलेत ते सगळे नीट सोल्डर करून द्या, नुसती टेप नको. नाहीतर किट राहू दे, बॉनेटचा स्विच बसवून द्या, वर एक नवीन चावी प्रोग्रॅम करून द्या तुमच्या खर्चाने. दोन्ही मला चालतं, तुम्हाला कुठलं स्वस्त पडतं ते तुम्ही बघा." एवढं बोलले आणि गप्प बसले. खरोखर गप्प. त्याने कॅल्क्युलेटर काढला, कोणाला तरी फोन केला, बाहेर जाऊन आला, मी मोबाइल बघत बसले. भावाला राहवेना, तो काहीतरी बोलणार होता, त्याला टेबलाखालून पाय मारला.

मग सुरू झालं हप्त्याचं. "मॅडम, महिन्याला तुम्हाला किती झेपेल ते सांगा, त्यात बसवतो." हे उत्तर द्यायचंच नाही. हप्ता कमी करून मुदत वाढवली की गाडी उलट महाग पडते आणि मघाशी कमी झालेला भाव गुपचूप परत आत येतो. "आधी सगळं धरून एकूण आकडा सांगा, कागदपत्रांचे चार्जेस धरून, हप्त्याचं मी बघते", एवढंच बोलत राहायचं. नंतर वॉरंटी फुकट देतो म्हणाला. वॉरंटीचा कागद मागितला तर त्यात बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी आणि तिच्यामुळे झालेला बिघाड वगळलेला, म्हणजे ज्या गोष्टीची भीती तीच नाही. टायर पण मी तेव्हाच काढले, म्हणजे विषय काढला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 सालातल्या तेविसाव्या आठवड्यातला. पुढचे दोन आणि मागचे दोन वेगवेगळ्या सालचे निघाले, त्याचं फार काही नाही पण यादीत एक मुद्दा वाढला.

शेवटी ठरलं ते असं, किट राहणार, स्विच आणि नवीन चावी त्याच्याकडून, आणि भाव मी मनात धरला होता त्याच्या थोडा वर पण त्याने आधी सांगितलेल्याच्या बराच खाली. टोकन द्यायच्या आधी हे सगळं लिहून सहीशिक्क्यासकट घेतलं, "नवीन चावी प्रोग्रॅम करून, इंजिन सुरू होऊन" अशा शब्दांत. नुसतं "चावी देऊ" लिहिलं की दार उघडणारी पण इंजिन न सुरू करणारी चिप नसलेली चावी हातात ठेवतात. डिलिव्हरीला बॉनेट उघडून परत रिमोट दाबला, गाडी ढिम्म, मगच उरलेले पैसे दिले.

घरी आल्यावर रिमोटबद्दल एकच नियम केलाय, बंद गॅरेजमध्ये गाडी असताना तो कोणी दाबायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि किट दहा मिनिटांनी इंजिन बंद करत असलं तरी बंद जागेत तेवढा वेळ सुद्धा नको. ती डबीतली चावी अजून डॅशबोर्डखालीच आहे. भाऊ म्हणतोय नवीन मॉड्यूल बसवून ती बाहेर काढू, एका सुट्टीचं काम आहे, पण त्याची सुट्टी आणि माझी सुट्टी एकदम येत नाहीये.