तुळईखालची जागा

साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली आणि दहा-साडेदहाला वाशीला महामार्गावर उतरलो. निमित्त सानपाड्यातल्या लग्नाचं होतं. लग्न छान झालं, पंगतही छान झाली. पण लिहायला बसलोय ते मुक्कामाबद्दल. मुक्काम मावशीकडे होता.

या घराचं आम्हा भावंडांना केवढं अप्रूप होतं! मावशी-काका आधी लालबागच्या चाळीत राहायचे. मशीद बंदरचा घाऊक बाजार वाशीला हलला, तशी काका ज्या पेढीवर हिशेब लिहायचे तीही हलली, आणि त्यांनी इथे दोन खोल्यांचं घर घेतलं. संडास-बाथरूम घरात! चाळीतली माणसं रविवारी खास ते बघायला यायची आणि मावशी मोरीचा नळ सोडून दाखवायची. ९ मे १९९२ ला मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली, तेव्हा मी सुट्टीला तिथेच होतो. खाडीवरून जाताना काकांनी मला दारापाशी घट्ट धरून उभं केलं होतं. वाशीची सगळी कुळकथा त्यांना पाठ होती. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवा असं मांडलं, १९७० ला ते उभारायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि त्या शहराचा, म्हणजे नवी मुंबईचा, पहिला नोड (विभाग) म्हणजे आपली वाशी. ‘आपली’ म्हणताना त्यांचा आवाज वेगळा लागायचा. संध्याकाळी सागर विहारला जायचं, येताना रुंद रस्त्यावर मधोमध सायकल शिकायची. साताऱ्याला परतलो की महिनाभर वाशीच्याच गप्पा.

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. या खेपेला रिक्षातून उतरलो तर जिन्याच्या तोंडाशी लोखंडी टेकू लावलेले. बाल्कन्यांच्या खालच्या सळया उघड्या पडलेल्या. सोळा घरांतली सात बंद किंवा भाड्याने. मालक खारघरला, उलव्याला, एक तर अमेरिकेत. भाड्याने राहणाऱ्या पोरांना लोक नावं ठेवतात. मला मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या दोघांनी न सांगता बॅग उचलून वर आणून दिली.

मावशीने दार उघडलं आणि पहिलं वाक्य काय, तर “चप्पल आतच ठेव, दारात वरून पडतं.”

मी बांधकामावर सुपरवायझर आहे, त्यामुळे नजर आपोआप छताकडे गेली. पंखा नव्हता. हूक गंजला म्हणून दोन वर्षांपूर्वीच काढला, आता टेबलफॅनवर भागतं. छताला जागोजाग वेगवेगळ्या रंगाची ठिगळं. भरली वांगी ढवळता ढवळता मावशी मला त्यांची ओळख करून देत होती. “हे तुझ्या लग्नाच्या वर्षी पडलं. ते काकांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी. आणि ते खिडकीजवळचं, ते गेल्या श्रावणात.” घरातली माणसं जशी कुणाचा जन्म कोणत्या साली ते सांगतात, तसं.

स्टुलावर चढून मी हाताने ठोकून पाहिलं. अर्धं छत पोकळ वाजलं. खाडीचा खारा वारा आणि वरच्या मोरीतली गळती, दोन्ही मिळून सळईला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून सळई आतून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते. वरून कितीही गिलावा करा, गंज आतच राहतो. सगळ्यांनी एकदा घरटी चाळीस हजार काढून तेच केलं होतं, दोन पावसाळे टिकलं. हे मी मावशीला समजावून सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. तिला ते माहीत होतं.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी निघते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्त करायची. ही अक्षरं मावशी रक्तदाबाच्या आकड्यांसारखी उच्चारते. त्यांची सी-२ब आहे. “अजून एक इयत्ता वर जायचीय,” म्हणाली, आणि हसली नाही.

रात्री अंथरुणं घातली. माझी गादी तिने भिंतीलगत, तुळईच्या बरोबर खाली टाकली. “इथेच झोप. तुळई पडत नाही.” दिवसभराचा थकवा होता, लगेच झोप लागली. अडीच-तीनला कसल्याशा आवाजाने जागा झालो. मूठभर ढलपी पडली होती, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. मावशी अंधारातच केरसुणी घेऊन भरत होती. “काही नाही रे, झोप तू.” दिवा लावला तेव्हा दिसलं. तिची सतरंजी खोलीच्या मधोमध होती, त्या पोकळ वाजणाऱ्या जागेच्या खाली. खोलीत तुळई एकच, आणि तिच्याखाली एका माणसापुरतीच जागा. ती रोज तिथे झोपते. पाहुणा आला म्हणून तिने ती मला दिली होती.

मी खूप चिडलो. माझी गादी ओढून तिला तिथे झोपवलं आणि सकाळपर्यंत दारापाशी बसून राहिलो. माझ्या घरी चल म्हटलं, तर म्हणाली, “मी गेले तर सही करायला कोण उरेल?”

सगळं अडलंय ते सहीवर. २०१९ च्या नियमाप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. सोळांत नऊ. आठ झाल्यात. अमेरिकेतल्या गृहस्थांचं उत्तर येत नाही, काहींना जास्त चौरस फूट हवेत, आणि तळमजल्याच्या घरावर दोन सख्ख्या भावांचा वारसाहक्काचा वाद आहे. कागद फाइलमध्ये लावून मावशीने फाइल देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलीय. कारण काय, तर देवघरावरचं छत अजून घट्ट आहे.

निघताना तिने डब्यात वांगी दिली, पोचल्यावर फोन कर म्हणाली. त्या दोन भावांपैकी धाकटा साताऱ्यातच असतो, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. त्याचा पत्ता लिहून घेतलाय. येत्या रविवारी त्याच्याकडे जाणार आहे. गिलाव्याचा रात्री पडलेला एक तुकडा कागदात बांधून आणलाय, गंजाचा डाग लागलेला. तोही सोबत नेणार आहे.