चार टोकांऐवजी दोनच

गालिच्यातला निळा भाग दुपारपर्यंत नीट येईना. वीतभर भरगच्च, मग बोटभर विरळ, पुन्हा भरगच्च. टफ्टिंगच्या बंदुकीची, म्हणजे ताणलेल्या कापडात सुईने लोकर भरणाऱ्या विजेच्या यंत्राची, कात्री नवी होती, चौकटीवरचं कापड ढोलकीसारखं ताणलेलं होतं, बंदुकीचा पायही कापडाला नीट टेकत होता. जोर वाढवून पाहण्यात अर्थ नव्हता, त्याने कापडच फाटतं.

पुढच्या बाजूने विरळ पट्ट्यातला एक झुपका चिमट्याने उपटला. कट पाइलमध्ये, म्हणजे कापलेल्या टोकांच्या गालिच्यात, धागा घोड्याच्या नालासारखा वळून बसतो, म्हणजे एका पदराची दोन टोकं वर येतात. आम्ही दुपदरी लोकर भरत होतो, तेव्हा टोकं चार हवी होती. हातात दोनच आली.

मग खाली पाहिलं. एक पदर कोनवरून, म्हणजे शंकूसारख्या रिळावरून, येत होता, दुसरा हाताने वळलेल्या गुंड्यावरून. बिकानेरच्या लोकरीची लडी घाईत गुंडाळलेली, तीही घट्ट. गुंडा लोळत टेबलाच्या पायाला अडे, तेवढ्यात धागा ताणला जाई. ताणलेला धागा कापडात टिकत नाही. सुई मागे येताना तो टाकाही मागे खेचला जातो, आणि उरतो फक्त दुसरा पदर.

बंदुकीचा प्लग काढला. लडी फाळक्यावर, म्हणजे फिरत्या चौकटीवर, चढवून वाइंडरने (धागा गुंडाळायच्या यंत्राने) सैलसर कोन भरला. दोन्ही पदर एकाच कोनवर घेणं मी टाळते. एकाची लांबी जास्त झाली की त्याची वेटोळी साचतात. वाटेत दोन गाठी लागल्या, त्या कापून टाकल्या. गाठ सुईच्या नाकात अडकली तर अख्खी ओळ रिकामी जाते, म्हणून धागा संपला की थांबून नवा ओवलेला बरा.

कोन दोन, प्रत्येकाच्या बरोबर डोक्यावर हातभर उंचीवर वेगळी कडी. कडी बाजूला सरकली की धागा कोनच्या कडेला घासतो. तिथून चौकटीवरच्या कडीतून बंदुकीच्या कडीत आणि मग ओवायच्या तारेने सुईत. दोन बोटांनी धागा ओढून पाहिला: कोन जागचा हलला नाही, धागा सुरळीत आला.

विरळ ओळी उपटल्या, कापडाची भोकं नखाने घासून मिटवली आणि त्याच रेषेवर पुन्हा भरल्या. आता झुपका उपटून पाहिला तर चार टोकं होती. डिंक त्यानंतरच लावला.