बिऱ्हाड बदललेल्या कॉमिक्सचा माग: ऐंशीच्या दशकातले अमेरिकी स्वतंत्र प्रकाशक

या हिवाळ्यात लाँगबॉक्सची, म्हणजे कॉमिक्स ठेवायच्या लांब पुठ्ठ्याच्या खोक्यांची, सगळी मांडणी मोडली आणि नव्याने लावली. आधी ती प्रकाशकांनुसार होती: पॅसिफिक, एक्लिप्स, फर्स्ट, कॉमिको आणि शेवटी स्वतःच छापणारी मंडळी. आता कॉमिकनुसार आहे. ‘ग्रू’चे सगळे अंक एकापाठोपाठ, मग छापणारा कोणीही असो. ‘रॉकेटिअर’चंही तसंच, ‘नेक्सस’चंही.

कारण सांगते. ऐंशीच्या दशकातल्या स्वतंत्र प्रकाशकांची तुलना करताना आपण नेहमी कोणाची यादी भारी, कोणाचा कागद चांगला यावर वाद घालतो. पण त्या काळात बरीच कॉमिक्स एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे बिऱ्हाड हलवत फिरली. मार्व्हल किंवा डीसीच्या नायकाला हे शक्यच नव्हतं, कारण तो कंपनीच्या मालकीचा. इथे चित्रकार आपलं पात्र बगलेत मारून निघू शकत होता. एकाच माणसाचं एकच काम तीन-चार घरांत कसं छापलं गेलं हे शेजारी-शेजारी ठेवून बघितलं, की प्रत्येक घराचा स्वभाव लख्ख दिसतो.

ज्यांनी या काळात नुकतंच लक्ष घातलंय त्यांच्यासाठी थोडं मागचं. न्यूजस्टँडवर न खपलेले अंक प्रकाशकाकडे परत येत, त्यामुळे खपतील त्याच्या कितीतरी पट छापावे लागत. लहान माणसाला हे झेपणारं नव्हतं. सत्तरच्या दशकात ब्रुकलिनमधले शिक्षक फिल स्यूलिंग यांनी प्रकाशकांपुढे वेगळा सौदा ठेवला: अंक परत करणार नाही, त्याबदल्यात सूट जास्त द्या. त्यातून फक्त कॉमिक्स विकणाऱ्या दुकानांचं जाळं उभं राहिलं. दुकानदार आगाऊ मागणी नोंदवायचा, प्रकाशक तेवढंच छापायचा. छापण्याआधीच खप कळत असेल तर दोन भाऊसुद्धा प्रकाशक होऊ शकतात, आणि झालेच.

ते दोन भाऊ म्हणजे सॅन डिएगोचे बिल आणि स्टीव्ह शेन्स. आधी टपालाने विक्री, मग दुकानं, मग वितरण आणि १९८१ मध्ये पॅसिफिक कॉमिक्स. पहिलंच नाव जॅक कर्बी! ‘कॅप्टन व्हिक्टरी अँड द गॅलॅक्टिक रेंजर्स’चा पहिला अंक नोव्हेंबर १९८१ चा, किंमत एक डॉलर. मार्व्हलचा अंक तेव्हा पन्नास सेंटला मिळायचा. दुप्पट पैसे मोजून लोकांनी तो घेतला. ज्या माणसाने मार्व्हलचं अर्धं विश्व काढलं आणि हक्क मात्र हाती लागले नाहीत, त्याला इथे मालकी मिळाली, विक्रीवर मानधन मिळालं. कर्बीचं हे काम त्याच्या उत्तम कामात बसत नाही, तरी हा अंक माझ्या पहिल्या खोक्यात सगळ्यात पुढे आहे.

पॅसिफिक फार टिकलं नाही. प्रकाशन आणि वितरण दोन्ही एकाच वेळी वाढवत नेलं आणि १९८४ मध्ये दोन्ही बसलं. पण बुडताना त्यांच्याबरोबर कोणाचं पात्र बुडालं नाही. म्हणून मी पॅसिफिकला सगळ्यात वर ठेवते, छपाईत ते एक्लिप्सच्या मागे असले तरी.

‘ग्रू’चा प्रवास याचा उत्तम पुरावा. सर्जिओ आरागोनेसचा हा मठ्ठ तलवारबहाद्दर पहिल्यांदा दिसला १९८२ मध्ये, एक्लिप्सच्या ‘डिस्ट्रॉयर डक’च्या पहिल्या अंकात. तो अंक मुळात ‘हॉवर्ड द डक’च्या मालकीवरून मार्व्हलशी भांडणाऱ्या स्टीव्ह गर्बरच्या खटल्याला पैसे उभे करण्यासाठी काढला होता आणि कर्बीने त्यासाठी फुकट चित्रं काढली. मालकीसाठी चाललेल्या लढाईतच ‘ग्रू’चा जन्म झाला म्हणायचा. पुढे पॅसिफिककडे आठ अंक, पॅसिफिक बंद पडल्यावर एक्लिप्सकडे एक विशेषांक, आणि १९८५ पासून मार्व्हलच्या एपिक या शाखेत १२० अंक. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात हक्कांची ओळ असते, ती भिंग घेऊन वाचा. मार्व्हलच्या छपाईतही तिथे आरागोनेसचंच नाव आहे. मराठीतला इंद्रजालचा वेताळ वाचून वाढलेल्या माझ्यासारखीला चित्रकार कोण हेच कधी माहीत नसायचं, मग मालक कोण हे तर दूरच. आता मी अंक हातात आला की आधी तीच ओळ बघते.

‘रॉकेटिअर’ जमवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि सगळ्यात जास्त शिकवलंही त्यानेच. डेव्ह स्टीव्हन्सची ही गोष्ट १९८२ मध्ये माइक ग्रेलच्या ‘स्टारस्लेयर’च्या मागच्या पानांत पुरवणी म्हणून सुरू झाली, पॅसिफिककडे. शेवटचं प्रकरण एक्लिप्सने १९८४ मध्ये विशेषांक म्हणून काढलं आणि पुढच्या वर्षी सगळं एकत्र बांधून पुस्तक केलं. पुढची गोष्ट कॉमिकोकडे, १९८८ आणि १९८९ मध्ये एकेक अंक. शेवटचा अंक आला डार्क हॉर्सकडून, १९९५ मध्ये. चार प्रकाशक, तेरा वर्षं, आणि मधे १९९१ मध्ये डिस्नेचा चित्रपटसुद्धा येऊन गेला.

हे चारही टेबलावर मांडले तेव्हा डोळे उघडले. पॅसिफिककडे रॉकेटिअर हा दुसऱ्याच्या अंकातला पाहुणा, गोष्ट सुरू होते ना होते तोवर पानं संपतात. एक्लिप्सने पहिल्यांदा ओळखलं की हे जपून ठेवायचं काम आहे. कॉमिकोपर्यंत रंगकामाची रीतच बदललेली दिसते. जुन्या पद्धतीचे भडक रंग खरं तर भुरकट न्यूजप्रिंटसाठी बेतलेले असायचे. कागद रंग शोषून घ्यायचा आणि ते आपोआप उतरायचे. तेच रंग पांढऱ्याशुभ्र बॅक्स्टर कागदावर पडले की अंगावर येतात. कागद सुधारला तशी रंगाची हातोटी बदलावी लागली आणि ते शिकायला सगळ्यांनाच काही वर्षं लागली. गोष्टीतल्या नायिकेच्या, बेट्टीच्या चेहऱ्यावरची एक सावली चारही छपायांत बघा, हा बदल तेवढ्यातही कळतो.

आता ‘नेक्सस’. माइक बॅरन आणि स्टीव्ह रूड, दोघेही विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचे, आणि त्यांचा पहिला प्रकाशकही गावातलाच: कॅपिटल सिटी या वितरकाची कॅपिटल कॉमिक्स ही शाखा. १९८१ पासून मोठ्या आकाराचे तीन कृष्णधवल अंक आले, मग रंगीत मालिका. तिसऱ्या कृष्णधवल अंकासोबत एक फ्लेक्सी डिस्क आहे, कागदासारखी लवचीक तबकडी, आणि तिच्यावर तो अख्खा अंक ध्वनिमुद्रित केलेला. मला मिळालेल्या प्रतीत ती शाबूत होती. मित्राच्या टर्नटेबलवर, सुई उडू नये म्हणून कडेला एक नाणं ठेवून लावली. पान उलटत ऐकायचं. खरखर आहेच, पण आपल्या कॉमिकसाठी एवढा खटाटोप करणारा प्रकाशक पुन्हा माझ्या पाहण्यात नाही. १९८४ मध्ये कॅपिटलने प्रकाशन थांबवलं आणि ‘नेक्सस’ सातव्या अंकापासून शिकागोच्या फर्स्ट कॉमिक्सकडे गेला. तिथे १९९१ पर्यंत, ८० व्या अंकापर्यंत चालला.

फर्स्टचं वैशिष्ट्य शिस्त. १९८३ मध्ये सुरुवात, दर महिन्याला ठरलेले अंक, मुरलेले संपादक. एक्लिप्सइतकी धाडसी निवड इथे नाही, पण वाचकाला ताटकळत ठेवत नाहीत. आणि त्यांच्याकडे हॉवर्ड चेकिनचं ‘अमेरिकन फ्लॅग’ आहे. मी शिकागोच्या उपनगरात राहते, त्यामुळे २०३१ सालचं शिकागो दाखवणाऱ्या या कॉमिकवर माझा जरा जास्तच जीव आहे. त्याचा पहिला अंक भिंगाखाली एकदा तरी बघा. चेकिन क्राफ्टिंटचा ड्युओशेड बोर्ड वापरायचा: कागदात आधीच दडलेल्या रेघा रसायनाचा ब्रश फिरवला की उमटतात, एका रसायनाने फिकट, दुसऱ्याने गडद. कपड्यांवर, भिंतींवर त्या तिरप्या रेघांचं जाळं स्पष्ट दिसतं. वर केन ब्रुझनॅकचं अक्षरलेखन. निऑनच्या पाट्या, जाहिराती, बातम्यांचे तुकडे, बंदुकांचे आवाज, सगळं हाताने काढलेलं आणि चित्राचाच भाग झालेलं. एका पानावरची फक्त अक्षरं वाचली तरी त्या शहराचा गोंगाट कानात घुमतो. अक्षरलेखकाला इतकी मोकळीक त्या काळी दुसरीकडे क्वचितच मिळाली असेल.

एक्लिप्सवर खरं तर वेगळंच लिहायला हवं. डीन मलेनी आणि त्यांचे भाऊ जॅन यांनी १९७८ मध्ये ‘सेबर’ काढलं, फक्त कॉमिक्सच्या दुकानांसाठी छापलेल्या सुरुवातीच्या ग्राफिक कादंबऱ्यांपैकी एक. पुढे कॅट आयरनवूड संपादक झाल्या आणि मग या घराला कशाचंच वावडं राहिलं नाही. स्कॉट मॅक्लाउडचं ‘झॉट’, टिम ट्रुमनचं ‘स्काउट’, १९८६ मध्ये दर पंधरवड्याला पन्नास सेंटला येणारा ‘एअरबॉय’, १९८७ मध्ये व्हिझ या मांगा प्रकाशकाबरोबर ‘कामुई’, ‘माई’ आणि ‘एरिया ८८’ ही जपानी मांगा. त्याच वर्षी फर्स्टने ‘लोन वुल्फ अँड कब’ फ्रँक मिलरच्या मुखपृष्ठांसह आणलं, त्यामुळे मांगा अमेरिकी दुकानांत रुजवण्याचं श्रेय मी दोघांना वाटून देते. १९८६ च्या फेब्रुवारीत उत्तर कॅलिफोर्नियात रशियन नदीला पूर आला आणि एक्लिप्सचा जुन्या अंकांचा साठा वाहून गेला. जुन्या अंकांवरच ज्यांचा महिन्याचा खर्च भागतो अशा घराला हा केवढा फटका असेल! तरी ते पुढे सात-आठ वर्षं छापत राहिले.

पण याच एक्लिप्सकडे माझ्या मांडणीतला अडलेला खोकाही आहे. ‘मिरॅकलमन’. ब्रिटनमध्ये १९५४ साली मिक अँग्लोने निर्माण केलेला मार्व्हलमन, १९८२ मध्ये अॅलन मूरने ‘वॉरियर’ मासिकात त्याला नवं रूप दिलं, आणि १९८५ पासून एक्लिप्सने नाव बदलून रंगीत काढला. मूरनंतर नील गेमन आणि मार्क बकिंगहॅम. हक्क कोणाचे आणि किती, हे कधीच साफ नव्हतं. वाटे पडले होते, तेही एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले. १९९३ मध्ये २४ वा अंक आला आणि एक्लिप्स बंद पडल्यावर ही गोष्ट तिथेच अडकली. खटले झाले, मार्व्हलने २००९ मध्ये हक्क घेतल्याचं जाहीर केलं, पण अर्धवट राहिलेलं कथानक पुढे सरकायला जवळजवळ तीन दशकं गेली. ‘ग्रू’ कोसळत्या घरांतून हसत बाहेर पडला, कारण त्याचा मालक एकच होता. ‘मिरॅकलमन’ला दारच सापडलं नाही.

कॉमिकोचंही थोडं तसंच. पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनचं हे घर दिसायला सगळ्यात देखणं, मॅट वॅग्नरचं ‘मेज’ आणि ‘ग्रेंडेल’ इथलंच, ‘रोबोटेक’चा परवानाही त्यांच्याकडे. न्यूजस्टँडच्या मागे लागले आणि १९९० मध्ये दिवाळखोरीत गेले. ‘मेज’चा दुसरा भाग थेट १९९७ मध्ये, इमेज या दुसऱ्या प्रकाशकाकडून आला.

स्वतःच्या घरात राहिलेल्यांना बिऱ्हाड हलवायची वेळच आली नाही. कॅनडात किचनरला डेव्ह सिम डिसेंबर १९७७ पासून मार्च २००४ पर्यंत ‘सेरेबस’चे ३०० अंक काढत राहिला. वेंडी आणि रिचर्ड पिनी यांनी ‘एल्फक्वेस्ट’ घरातूनच चालवलं. आणि १९८४ च्या मे महिन्यात केव्हिन ईस्टमन व पीटर लेअर्ड यांनी निंजा टर्टल्सच्या पहिल्या अंकाच्या सुमारे ३००० प्रती छापल्या. त्या अंकाची किंमत किती चढली ते बघून १९८६ मध्ये जो तो कृष्णधवल नकला काढू लागला, दुकानदारांनी गठ्ठे भरले आणि वर्षभरात भाव कोसळले. परतीची सोय नव्हती! ज्या अटीमुळे हे सगळे प्रकाशक जन्माला आले त्याच अटीने दुकानं बुडवली, आणि चांगल्या कृष्णधवल कॉमिक्सचीही मागणी आटली. आजही डॉलर बिनमध्ये, म्हणजे दुकानातल्या स्वस्त जुन्या अंकांच्या पेटीत, सगळ्यात जाड थर त्याच वर्षाचा असतो. तो थर नेटाने उपसा, मधूनच चांगला अंक हाती लागतो.

सध्या काम चालू आहे ते स्टॅन साकाईच्या ‘उसागी योजिंबो’वर. ‘ग्रू’चं अक्षरलेखन करणारा हाच माणूस. ‘अल्बिडो’च्या दुसऱ्या अंकात १९८४ मध्ये सुरुवात, १९८७ पासून फँटाग्राफिक्सकडे स्वतःची मालिका, १९९३ मध्ये टर्टल्सवाल्यांच्या मिराजकडे, १९९६ पासून डार्क हॉर्सकडे. फँटाग्राफिक्सचे ३८ पैकी बहुतेक आलेत आणि मिराजचे १६ पूर्ण झाले. मिराजचे अंक रंगीत आहेत, आधीचे कृष्णधवल, आणि साकाईची रेघ मला कृष्णधवलातच जास्त मोकळी वाटते. फँटाग्राफिक्सचे पहिले पाच अंक बऱ्या अवस्थेत कोणाकडे जास्तीचे असतील तर बदल्यात देण्यासाठी माझ्याकडे फर्स्टचा ‘नेक्सस’, अंक ७ ते २०, दुहेरी आहे. सगळे मायलारच्या पारदर्शक पिशव्यांमध्ये, आम्लमुक्त बोर्डसह.