कृष्णविवरांची जोडी, नोंद ४: स्पिन उलटा केला तर?

मागच्या नोंदीत पायसीबीसी, म्हणजे गुरुत्वीय लहरींचे आलेख काढून देणारं सॉफ्टवेअर, एकदाचं लॅपटॉपवर बसलं म्हणून नाचलो होतो. या आठवड्यात खरा खेळ. सूर्याच्या ३० पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं, लहरीची सुरुवात २० हर्ट्झ वारंवारतेपासून, लहरीचा आकार काढायचं मॉडेल एसईओबीएनआरव्ही४. बाकी कशाला हात न लावता फक्त स्पिन, म्हणजे प्रत्येकाची स्वतःभोवतीची फिरकी (कमाल १), बदलायचा. आधी +०.८, म्हणजे दोघंही कक्षेच्याच दिशेने गरगरतायत. मग शून्य. मग −०.८, म्हणजे उलटे.

पहिला आलेख आला आणि मी डोक्याला हात लावला. तिन्ही जोड्या बरोब्बर एकाच क्षणी विलीन! दीड तास कोडमध्ये चूक शोधली, दोन चहा झाले. मग पेटली: पायसीबीसी विलीन होण्याचा क्षणच शून्य वेळ धरतं. शेवट जुळणारच, बघायचं होतं डावं टोक, म्हणजे लहर कधी सुरू होते ते. स्पिन नसलेली जोडी २० हर्ट्झपासून नऊ दशांश सेकंदाच्या आसपास टिकते. +०.८ वाली साधारण दोन दशांश सेकंद जास्त तग धरते, उलटी तेवढीच लवकर आटोपते.

याला ‘ऑर्बिटल हँग-अप’ म्हणतात. स्पिन कक्षेच्याच दिशेला असला की दोघांमध्ये किंचित दूर लोटल्यासारखा परिणाम होतो. शिवाय कोनीय संवेग (फिरण्याचा एकूण जोर) जास्त असतो आणि तो लहरींतून उधळल्याशिवाय एकत्र येता येत नाही. म्हणून जास्त फेऱ्या, जास्त जवळून, जास्त ऊर्जा. समान वस्तुमानाची, स्पिन नसलेली जोडी सुमारे ५ टक्के वस्तुमान लहरींत घालवते. दोन्ही स्पिन समांतर आणि कमाल मर्यादेच्या जवळ असले तर हाच आकडा ११ टक्क्यांपर्यंत जातो.

पुढचा प्रयोग मला जास्त आवडला. एकाला ०.८ आणि दुसऱ्याला शून्य दिला, मग दोघांनाही ०.४. दोन रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या! लहरीतून नीट वाचता येते ती वस्तुमानाचा भार देऊन काढलेली, कक्षेला समांतर स्पिनची सरासरी, आपली ‘काय-इफेक्टिव्ह’. २०१५ च्या पहिल्या संकेतात, जीडब्ल्यू१५०९१४ मध्ये, ती शून्याच्या आसपास निघाली. त्यावरून दोघं संथ होते असं नाही म्हणता येत. स्पिन कक्षेच्या प्रतलात आडवे पडलेले असतील, नाहीतर एकमेकांना खोडत असतील.

आडव्या स्पिनसाठी मॉडेल बदलावं लागलं, आयएमआरफेनॉमपीव्ही२ घेतलं. एसईओबीएनआरव्ही४ ला तिरका स्पिन चालतच नाही. वस्तुमानं ३० आणि ६ केली, म्हणजे फेऱ्या जास्त मिळतात. कक्षा समोरून, म्हणजे पूर्ण वर्तुळ दिसेल अशी, पाहिली तर काहीच विशेष नाही. कडेने पाहिली की लहरीची उंची फुगते, ओसरते, पुन्हा फुगते. कक्षेचं प्रतल भोवऱ्यासारखं डुलतंय, ते हे परांचन. तुमचा आलेख सपाट येत असेल तर आधी झुकावाचा कोन (आपल्याला कक्षा किती कललेली दिसते तो) तपासा, माझा शून्यावरच राहिला होता.

आता जीडब्ल्यू२३११२३ हा दुसरा, खऱ्या जोडीचा संकेत करून बघायचाय. सुमारे १३७ आणि १०३ सौरवस्तुमानं, स्पिन अंदाजे ०.९ आणि ०.८. अडचण अशी की संकेत जेमतेम एक दशांश सेकंदाचा, आणि इतक्या स्पिनला मॉडेलं आपसातच भांडतात. दोन मॉडेलं एकाच आलेखावर टाकतो. कुणाकडे आधीच चालवलेलं असेल तर सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती बिंदू काढायचे तो आकडा) किती ठेवलात तेवढं सांगा.